नेत्रशिबिराची गाडी

ऊन तिरपं आलं की पांढऱ्या रंगाखालून
अजून वाचता येतं: ‘मोफत नेत्रतपासणी’.
पुढचं ‘शिबिर’ खरवडलं गेलंय.
सोळा वर्षं गावोगाव डोळे बघत फिरलेली ही ट्रॅव्हलर
मी भोसरीच्या यार्डातून घेतली,
फंडाचे पैसे दोनदा मोजून,
आणि धायरीला, बिल्डिंगच्या मागे, नारळाखाली उभी केली.
आत एक पलंग, एक ओटा, टोपीएवढं बेसिन.
बहीण म्हणाली, या वयात?
म्हटलं, याच.

आषाढात गादी भिजली.
सरकत्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून
पाणी असं यायचं, जसं कुणी आवतण दिलंय.

मी सिलिकॉन भरलं.
एक ट्यूब, मग दुसरी, मग ती जाड काळी,
दुकानदार म्हणाला, जहाजांना लावतात.
गादी भिजली.

नाना पेठेत इद्रिसभाई रबर विकतात,
पट्टीनं नाही, वितीनं मोजून.
माझं जुनं बीडिंग त्यांनी चिमटीत वाकवलं,
वासही घेतला.
“रबर गेलंय, ते देतो. पण मॅडम,
पाणी येतं कुठून ते विचारताय.
जातं कुठून, बघितलं का?”

नव्हतं बघितलं.
एकतीस वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये
झुरळाच्या लाळग्रंथी मुलांना अलगद काढून दाखवल्या,
आणि खिडकीच्या खोबणीला तळाशी भोकं असतात
हे साठीत कळलं.

रविवारी जुनी पेटी उघडली.
चिमटा. वाकडी सुई. ड्रॉपर.
स्टूल टाकून बसले, चष्मा नाकाच्या टोकावर,
काच उचलून काढली, चादरीवर निजवली.
खोबणीत निघालं:
शेंगदाण्याची सालं,
कापसाचा पिवळा बोळा,
एका मुंगीचं नुसतं डोकं,
कुठल्याशा गावची तांबडी माती, विटेसारखी घट्ट,
डोळ्यांच्या थेंबांचं निळं टोपण, नखाएवढं.
आणि या सगळ्यावर, बुचासारखं,
माझं सिलिकॉन.

वाट मीच बुजवली होती.
पाणी गादीवर नाही तर कुठे जाणार.

ऋजुलाचं बाळ आठवलं.
रडत नसतानाही त्याचा एक डोळा वाहायचा.
डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिलं नाही,
ऋजुलाची करंगळी धरून डोळ्याच्या कोपऱ्यावर टेकवली,
नाकाच्या कडेनं खाली दाबत आणली.
दहा वेळा, दिवसातून चारदा.
“पाणी जास्त नाहीये गं. नळी बंद आहे.”

सुई आत घातली. माती. माती.
मग एकदम मोकळी.
भोकाच्या पलीकडे उजेडाचा एक दाणा.

दुसरं भोक. तिसऱ्यात सुई मोडली.
चौथं नव्हतंच, कारखान्यात विसरले असावेत,
ते मी हातड्रिलनं पाडलं, कडेला रंग लावला.
बेसिनचं त्यामानानं सोपं:
गाडीच्या पोटाखाली पाइप झोळीसारखा लोंबत होता,
झोळीत महिन्याभराचा चहाचा चोथा.
एक क्लिप, किटलीभर उकळतं पाणी,
आणि एक वास, तो सांगत नाही.

दुपारी नवं रबर बसवलं.
तांब्याभर पाणी खिडकीवर ओतलं.
खोबण भरली, काठाशी आली,
मी पलंगाचा कोपरा हातानं चाचपत राहिले. कोरडा.
मग बाहेर, मागच्या चाकाशेजारी,
टप्.
जरा थांबून
टप्. टप्.

दुसऱ्या मजल्यावरून सेक्रेटरी दाबके ओरडले,
“अहो केंजळेबाई, गाडी गळतेय तुमची!”

“हो,” मी म्हटलं, “आता बरोबर गळतेय.”
आणि आणखी एक तांब्या ओतला.