धुक्यालामुळे

ग्योर्लिट्झमध्ये मी थडग्यांवर नावं कोरतो.
अक्षराला अठ्ठावीस युरो, स्वल्पविराम फुकट,
कारण स्वल्पविराम कुणी मागतच नाही.

वेन्स्के बाई मागायच्या.
त्याच्यासाठी चौथीत त्यांनी मला तीनदा उभं केलं होतं.
अजूनही औषधाच्या दुकानात, बेकरीत, ट्रॅमच्या थांब्यावर
पर्समधून त्यांची लाल पेन्सिल निघते पैशांच्या आधी.
रोझीच्या केशकर्तनालयाच्या पाटीवर
नाव आणि षष्ठीच्या मध्ये कुणी उगाच टांगलेलं ते चिन्ह,
त्याला बाई म्हणतात, कानातून निघालेला केस,
आणि म्हणतात रोझीला ऐकू जाईल अशा बेतानं.
बँकेतला पोरगा म्हणाला, याला काही अर्थ बनत नाही.
बाई म्हणाल्या, अर्थ असतो किंवा नसतो.
बनतो तो केक.
ज्या कामाला गेल्या होत्या ते त्या दिवशी राहूनच गेलं.
आणि 'एकमेवतम संधी!' असं काचेवर लावणाऱ्या पलंगवाल्याला
त्यांनी पत्र पाठवलं, दोन पानी,
तळटीपांसकट.

सख्खा भाऊ एकहार्ट मात्र
जन्मभर षष्ठीच्या घरात चतुर्थी नांदवत आला.
कोळशाच्या खाणीवर चर्चएवढं यंत्र चालवायचा,
जेवायला उशिरा यायचा, दारात बूट ओढत म्हणायचा,
धुक्यालामुळे.
'धुक्याच्यामुळे,' बाई आतून, सूप ढवळत.
'तेच म्हणतोय ना मी. धुक्यालामुळे.'
जुलैतसुद्धा. लख्ख उन्हातसुद्धा.
चाळीस वर्षं त्या घरात सूप दोनदा गरम झालं.

मार्चमध्ये बाई माझ्या शेडमध्ये आल्या.
चौकटीचा कागद, वहीतला, समास सोडलेला.
नाव, दोन तारखा, आणि खाली एक ओळ:
येतो उशिरा. धुक्यालामुळे.

मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
म्हटलं, बाई, इथे षष्ठी हवी.
एक अक्षर बदलायचं, एक वाढेल.
वाढलेल्याचे पैसे मी धरत नाही.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
चौथीत उत्तर बरोबर आलं की पाहायच्या तसंच,
म्हणजे फार वेळ नाही.
'बरोबर आहे तुझं,' म्हणाल्या.
'कोर. आहे तसं.'

हात घसरून चूक होते, ती मला ठाऊक आहे,
तिच्यासाठी माझ्याकडे पुट्टी असते.
पण माहीत असून, पट्टी लावून, पाच मिलिमीटर खोल
चुकायचं म्हणजे
त्या एका अक्षराला माझी अख्खी दुपार गेली,
आणि मानेवर सारखं वाटत होतं,
मागे कुणीतरी पेन्सिल घेऊन उभं आहे.

तेव्हापासून फोन येतात.
दफनभूमीच्या कचेरीत तीन तक्रारी आल्या,
एकानं तर पैसे परत मागितले,
त्याचं तिथे कुणी पुरलेलंही नव्हतं.
ऑक्टोबरात कुणीतरी खडू घेऊन आलं,
दगडावरच फुली मारून षष्ठी लिहून गेलं, वर शेरा:
लाज वाटते कि मेलेल्यांनाही व्याकरण येत नाही

बाई आल्या ओलं फडकं घेऊन, बादली मी धरली होती.
ओळ वाचली. पुन्हा वाचली.
फडकं माझ्या हातात दिलं, पर्स उघडली,
गुडघा टेकायला त्यांना वेळ लागला.
त्या 'कि'भोवती त्यांनी लाल गोल काढला,
वर दीर्घ वेलांटी दिली,
शेवटी एक पूर्णविराम, जरा जोरातच,
टोक तुटेपर्यंत.

मग माझा खांदा धरून उठल्या.
'पूस आता,' म्हणाल्या.
'कोपऱ्यांतून नीट. खडू राहतो तिथे.'