चौसष्ट नंबर

हमरस्त्यालगत, टायरच्या दुकानाला खेटून
ते हॉटेल, जिथे सुशी पट्ट्यावरून फिरते.
रविवार. आमच्या हातात चौसष्ट नंबरचं तिकीट.
सासऱ्यांची कुरकुर दारातच सुरू :
"मासे खायला नंबर? हा काय दवाखाना आहे?"
पन्नास वर्षं उओझुच्या बाजारात मासे विकलेला माणूस.
अजून त्यांच्या अंगठ्यावर
खवल्याएवढा जुना व्रण चमकतो.
पण नागिसाला पाचवं संपून सहावं लागलेलं
आणि तिला वाढदिवस इथेच हवा होता.
माझी मैत्रीण अकेमीही आलेली, नवऱ्याशी भांडून :
"आज मी ताटल्या मोजणार नाही."

त्रेसष्ट नंबर होते सुगिबायाशी.
एकटे. टोपी गुडघ्यावर.

अकरा वर्षं आमच्या घरात हे नाव निघालं नव्हतं.
डिसेंबरचा लिलाव, एक बुरी मासा,
हाताएवढा लांब, चरबीने निळा-रुपेरी;
कुणाचं बोट आधी वर गेलं, एवढाच प्रश्न.
मासा तर कुणीतरी त्याच आठवड्यात खाऊन टाकला,
काटा या दोघांच्या घशात राहिला.

काउंटरवरची पोरगी कमरेत वाकली :
"गर्दी फार आहे हो. त्रेसष्ट, चौसष्ट
एकत्र बसलात तर आत्ता जागा देते."
शुन्पेईने माझ्याकडे पाहिलं,
मी छताकडे.
"चालेल!" नागिसा म्हणाली.
वाढदिवस तिचा.

मग समोरासमोर दोन म्हातारे.
चहाची पूड, नळाचं कढत पाणी,
दोघांचे पेले एकाच वेळी तोंडाला
आणि दोघांचीही जीभ भाजली.
कुणी "हाय" केलं नाही.
नागिसाने पडद्यावर बोटं नाचवून
बटाट्याच्या फोडी मागवल्या, पुडिंग मागवलं,
पुन्हा बटाट्याच्या फोडी.
अकेमीच्या ताटल्या सात झाल्या (मी मोजत होते).
सासऱ्यांनी फक्त काकडीचा रोल घेतला.
सुगिबायाशींनी फक्त अंडं.

आणि पट्ट्यावरून बुरी आली.
एका ताटलीत दोन मुटके,
वर गुलाबी, कडेला लालसर पट्टी.
दोघांनी पाहिली. जाऊ दिली.
ती स्वयंपाकघराच्या भिंतीआड गेली, परत आली,
पुन्हा गेली.
तिसऱ्या फेरीला तिची कड सुकलेली,
आणि दोघांच्या माना तिच्याबरोबर वळत होत्या
जशा धक्क्यावर होडीबरोबर वळतात.

नागिसाने झडप घालून ती उचलली,
मासा सोलून बाजूला ठेवला
आणि नुसता भात खाल्ला.

ताटलीत दोन उघडे काप.
मी मूग गिळून बसले. शुन्पेईने तर श्वासही घेतला नसावा.
सासऱ्यांच्या काड्या पुढे झाल्या.
समोरच्या काड्याही.
दोघांनी डोळे मिटून बराच वेळ चावलं.

"पोसलेला," सासरे म्हणाले.
"पेंडीवर," सुगिबायाशी म्हणाले.
"दोन दिवसांचा."
"तीन."
"…तीन."

पोरगी ताटल्या मोजायला आली तेव्हा
भांडण पेटलंच : त्या एका ताटलीचे पैसे कोण देणार.
"मी देतो." "मी आधी बोललो." "कधी?"
आवाज चढत गेले, लिलावातले जुने आवाज,
शब्दांची शेपटं गिळणारे, भराभर,
शेजारच्या टेबलावरची कुटुंबं वळून बघायला लागली.
दीडशे येनची ताटली पाचशेला गेली, आठशेला,
आणि नागिसाने पुडिंगचा चमचा वर केला :
"हजार!"
तिच्यावर कुणीच बोली लावली नाही.
बिल अकेमीने भरलं. नवऱ्याच्या कार्डावर.

परतताना गाडीत सासरे गप्प.
नदीचा पूल ओलांडला, पेट्रोल पंप मागे पडला,
तेव्हा खिडकीकडे बघतच म्हणाले,
"त्याची टोपी राहिली वाटतं टेबलाखाली.
थंडीत बस स्टॉपवर उभा असेल."

शुन्पेईने गाडी वळवली.

टोपी त्यांच्या डोक्यावर होती.
दारातून निघताना मी स्वतः पाहिली होती,
कानापर्यंत ओढलेली.
मी काही बोलले नाही.