नाव ठेवणं

गुरुवारी वाल्दिव्हियात बंबवाल्यांच्या माडीवर
आम्ही नऊ-दहा जण जमतो.
खाली बंब, वर लाकडाची शेगडी,
आणि दोरीला चिमट्यांनी अडकवलेले आमचे फोटो,
घरचे कपडे चारचौघांत वाळत घातल्यासारखे.

बहुतेक समुद्रसिंहच असतात,
मासळीबाजाराच्या धक्क्यावर लोळणारे.
त्यांच्याबद्दल बोलताना जीभ जड होत नाही.
जरा खाली बसून घ्या, म्हणावं, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर,
आणि मागचा कचऱ्याचा डबा तेवढा वगळा.
यानिरा हसते, लिहून घेते, पुढच्या गुरुवारी
डबा गेलेला असतो. समुद्रसिंह तोच.

मी एकतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढली.
अंधाऱ्या खोलीत भिंग बदलत विचारायचं,
हे बरं, की हे?
समोरच्याला काय दिसायला हवं ते कधी सांगितलं नाही.
निवृत्त झाले आणि सांगायला लागले.

त्या दिवशी एव्हारिस्तो कार्कामोचा पहिलाच फोटो होता.
नदीवरच्या तराफ्याचं इंजिन बघतो तो. नखांत काळं.
फोटो त्याने दोरीच्या अगदी टोकाला लावला,
जिथे दिव्याचा उजेड जेमतेम पोचतो.
स्वयंपाकघर. टेबलाशी एक बाई, मान वळवलेली,
अर्धा चेहरा चौकटीबाहेर.
सगळं घर उजवीकडे कललेलं,
जणू कुणी एका बाजूच्या विटा काढून घेतल्यात.
खालच्या कोपऱ्यात पांढरीफेक बशी,
डोळा सारखा आपल्याकडे ओढणारी.

मी घसा साफ केला.
आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड, असा आमचा रिवाज.
खिडकीचा उजेड छान पकडलात, म्हणाले.
पण घर कललंय.
आणि डावीकडे दोन पावलं सरकला असतात
तर पूर्ण चेहरा आला असता.

तो म्हणाला, डावीकडून सिलिंडर दिसतो.

कसला, ते कुणी विचारलं नाही.
शेगडीत लाकूड तडकलं.
ऑक्सिजनचा, तो म्हणाला. नळी त्याच बाजूच्या गालावरून जाते.
नोल्फा म्हणाली, काढ, पण मी दिसले पाहिजे, तो नको.
मग मीच कललो.

एकतीस वर्षांत इतका चुकीचा नंबर
मी कुणाला दिला नव्हता.
माफ करा म्हणणार होते. पण बशी अजून तिथेच होती,
आणि ती खरंच खुपत होती,
मला वाईट वाटलं म्हणून ती कमी पांढरी होत नव्हती.
उठले, जवळ गेले, अंगठ्याने ती झाकली.
हे बरं?
अंगठा काढला.
की हे?

तो बराच वेळ बघत राहिला.
पुन्हा झाका, म्हणाला.
झाकली. तेव्हा नोल्फाच्या कानामागची एक सुटलेली बट दिसली.
आधी कुणालाच दिसली नव्हती,
त्यालाही नसावी,
कारण तो खुर्चीतून अर्धा उठला.

मग माझ्या फोटोकडे वळला.
नदी, धुकं, पातळी लावून सरळ केलेलं क्षितिज.
छान आहे, म्हणाला. सगळं जागच्या जागी.
थांबला. तुम्ही कुठे उभ्या होतात?
काठावर, म्हणाले.
काठावर सगळेच असतात, तो म्हणाला, आणि लगेच वरमला,
नावं ठेवत नाही हो.
ठेवा, म्हटलं.

निघताना यादी भरायची असते. फोटोचं नाव, काढणाऱ्याचं नाव.
यानिराने दोन-तीन सुचवली, त्याने मान हलवली.
पहिला रकाना तसाच सोडून पेनाला टोपण लावलं,
फोटो चिमट्यातून सोडवून
कोटाच्या आत, छातीशी ठेवला,
बशीसकट.