वीस मिनिटं

स्विंडनच्या ग्रंथालयात, शनिवारी,
मुलांच्या कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही तिघी.
ग्लेनिसबाई, जुन्या युनियनवाल्या,
गुडघेदुखी आणि कायदा, दोन्ही सोबत घेऊन येतात.
मी मधली. इकडचं तिकडे करणारी.

शेवंती गावस म्हणाली,
"सुट्टी देतात की. चांगली वीस मिनिटं देतात."
घड्याळ लावून सांग, म्हणाल्या ग्लेनिस.

तर गोदामाच्या एकोणचाळिसाव्या गल्लीतून कँटीनपर्यंत सहा,
मधे फाटकावर झडती, खिसे, बूट, आंबाडासुद्धा: चार,
परतीची सहा.
उरली चार, त्यात मायक्रोवेव्हची रांग.
"म्हणून मी भाकरी गारच खाते,"
असं म्हणाली, जणू चूक तिचीच.

सहा तासांवर काम गेलं
तर वीस मिनिटं, सलग, कामाच्या जागेपासून दूर.
मी लिहून घेतलं: 'कायदा वीस मिनिटं देतो.'
मग पेन अडलं.
'देतो' खोडलं.
'तुझी आहेत' लिहिलं.

शेवंतीनं ओठ हलवत वाचलं.
"आणि त्यांचा पगार?"
तो मिळेलच असं नाही, तेही सांगितलं.
हं, म्हणाली,
आणि पत्राखाली सही केली, आडनावासकट.
तिच्या खाली आणखी अकरा झाल्या.

झडती आता कामाच्या वेळेत होते.
परवा भेटली. "भाकरी संपली तरी
तीन मिनिटं उरली गं."
मग काय केलंस?
"काय करणार?
बसले."