आयत्या वेळचे विषय

वेस्ट व्हर्जिनियातल्या एका शाळेची व्यायामशाळा,
सभा बास्केटबॉलच्या जाळीखाली.
घडीच्या खुर्च्या साठ, माणसं चौदा,
त्यांतली नऊ समितीची.
इतिवृत्त लिहिणं माझं काम,
आणि कॉफी संपली की तीही.

विषय एक : मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
केले.
विषय दोन : वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाबाबत
राज्य सल्लागार समितीचे नवे पत्रक.
निळ्या चौकटीत चार पायऱ्या :
हाक मारा. खांदा हलवा.
नाकात नॅलॉक्सोनचा फवारा मारा.
ताबडतोब मदतीसाठी फोन करा.
डॉक्टर पेटिग्रू म्हणाले, भाषा सोपी आहे.
सूचक, अनुमोदक, सगळे हात वर.

मग आयत्या वेळचे विषय,
म्हणजे एरवी पार्किंगचे दिवे आणि पुढची तारीख.

ऑर्फा स्टॉलनेकर उठल्या.
हातात पत्रक नव्हतं, गाडीची किल्ली होती,
बोलताना ती बोटाभोवती फिरवत राहिल्या.

"आमच्या खोऱ्यात फोन लागत नाही.
रेंज येते ती वर, दफनभूमीपाशी.
टॉबिनची पाठ खाणीत गेली तेव्हा
महिन्याला नव्वद गोळ्या तुमच्याच लोकांनी लिहून दिल्या.
त्या रात्री मी हाक मारली. फवारा मारला.
मग टेकडी चढत सुटले,
एकसष्ट वर्षांचे गुडघे घेऊन.
नवऱ्याच्या थडग्याला टेकले
तेव्हा कुठे रेंजची एक काडी आली.
पलीकडच्या बाईने विचारलं, तो श्वास घेतोय का?
मला काय माहीत.
मी वर होते. तो खाली."

जाळीचं एक सुटलेलं टोक पंख्याच्या वाऱ्याने हलत होतं.
इतिवृत्तात शांततेला रकाना नसतो.
मी लिहिलं : श्रीमती स्टॉलनेकर यांनी
दूरध्वनी सेवेबाबत अडचण मांडली.
'अडचण' खोडलं.
दुसरा शब्द सापडेना. पुन्हा तेच लिहिलं.

पेटिग्रूंनी चष्मा काढला.
टॉवर समितीच्या अखत्यारीत येत नाही, म्हणाले,
इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं.

मागच्या रांगेतून टपालवाला जुबल क्रेग :
"ट्रकमधला जुना वायरलेस संच पडून आहे माझ्याकडे.
स्वयंपाकघरात बसवून देतो.
खोऱ्यात अजून अकरा घरं आहेत. बघू."

सूचक : क्रेग.
तो सदस्य नाही. अनुमोदक कोणीच नव्हतं.
रात्री टंकताना तिथे मी माझं नाव घातलं.
नियमात बसत नाही.
पुढच्या सभेत खोडतील,
किंवा न वाचताच कायम करतील.