सतरा नंबर

महापेत, तिसऱ्या मजल्यावर,
एकोणचाळीस फोन भिंतीला टांगलेत.
प्रत्येकाच्या शेपटीला वायर, पाठीवर चिकटपट्टीचा नंबर.
कुणी यंदाचा, कुणाची कंपनीच बुडालेली.
चौदाची काच फुटकी,
सव्वीसची बॅटरी पोट फुगवून बसलीय.

आज वेळेचा तुकडा आलाय.
कुठल्याशा देशानं घड्याळ तासभर मागे घ्यायचं ठरवलं,
तेवढंच बदलायचं.
बाकी घराला हात लावायचा नाही.
पूर्वी, घरत मॅडम सांगतात, एक खिळा मारायला
अख्खी भिंत पाडायचे,
आणि भिंतीची परवानगी तीन कंपन्यांकडून यायची.
यायचीच नाही बहुतेक.
आता खिळ्यापुरता खिळा.

अडतीस फोन विझले, उठले.
सतरा उठला,
स्वतःच्या नावाशीच अडखळला, विझला.
पुन्हा. पुन्हा.
मग त्यानं नवा तुकडा मुकाट खाली ठेवला,
जुना उचलला आणि उभा राहिला.
मी रकान्यात लिहिलं, नापास.
मॅडम म्हणाल्या, खोड ते.
माघारी यायला जमलं ना त्याला?
तसं लिही.

सतरा म्हणजे आमच्या बाबांच्या फोनचा सख्खा भाऊ.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

कोपरखैरण्याचं आमचं घर
सिडकोनं दिलं तेव्हा एका खोलीचं होतं.
वरचा मजला दादाच्या लग्नाला,
त्यावरचा पत्रा माझ्या नोकरीला.
जिना पहिलाच.
कपाट वर न्यायचं तर अजून
दोरी लावून खिडकीतून.
तो जिना रुंद करू म्हटलं की बाबा म्हणतात,
मग सगळंच पाडावं लागेल.

बारा दिवसांनी दुरुस्त तुकडा निघाला.
त्या रात्री फ्रीजवर त्यांचा फोन चार्जिंगला,
मी खाली सतरंजीवर, जागी.
तीन वाजून दहा मिनिटांनी काच काळी झाली.
नाव उमटलं, थांबलं.
मी मोजत होते, सतरासाठी मोजायचे तसंच.
एकोणीसला उठला.

सकाळी बाबा म्हणाले,
रात्री काहीतरी आलंय गं याच्यात.
दुकानदार तर म्हणाला होता, याला आता काही येणार नाही.
काय बदललं?
घड्याळ, मी म्हटलं.
त्यांनी भिंतीवरच्याशी ताडून पाहिलं.
तेवढेच तर वाजलेत.
आपलं नाही हो, दुसऱ्या देशाचं. तासभर मागे गेलं.

कांदा-बटाटा मार्केटात एकतीस वर्षं
पहाटे चारला हजेरी लावलेला माणूस
फोन हातात धरून जरा वेळ उभा राहिला.
मग खिशात ठेवत म्हणाला,
झोपू देत बिचाऱ्यांना.