छुर्पी

विद्वांसांच्या हॉलमध्ये, टीव्हीला पेनड्राइव्ह लावून
आम्ही चौदाजण पुन्हा भूतानला गेलो.
मोघे म्हणाले, अख्ख्या थिंफूत एक सिग्नल नाही हो,
आणि खाली कर्वे रोडवर कुणीतरी
हॉर्नवरचा हात काढेना.
मग कड्याला चिकटलेला तो मठ:
समोरून, डावीकडून, मोघ्यांसकट, मोघ्यांशिवाय.
“इथे तुम्ही नव्हतात ना, शरयूताई?”

नव्हते.
माझ्या गुडघ्यानं पायथ्याशीच हात टेकले.
तिथे एक बाई याकच्या दुधाचे वाळके खडे विकत होती,
दोऱ्यात ओवलेले.
तिनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं,
स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली
आणि अर्धं पोतं माझ्याकडे सरकवलं.
चार तास. शब्द एक नाही.
ढग उतरला तेव्हा दोघींनी मिळून माल झाकला.

याचा फोटो नाही.

परतताना नळस्टॉपला रिक्षा अडकली.
पर्समध्ये एक खडा उरलेला, तो गालात धरला.
दगडच.
चावायचा नसतो, तिनं खुणेनं बजावलं होतं.
डेक्कन गेलं, अलका गेलं,
घर आलं तरी तो तसाच.
रिक्षावाला म्हणाला, सुटे आहेत का?
मी बोटांनी सांगितलं.